चोवीस कामट्या आणि साडेपाचशे रुपये

पहिले पाच आकाशकंदील मी साडेतीनशेला एक असे विकले, सगळे ओळखीतच, आणि इतकी खूश होते की त्या रात्री आईस्क्रीम आणलं सगळ्यांना. मग झोपायच्या आधी वहीत हिशोब लिहायला बसले. सामान ८५ रुपये, एका कंदिलाला तेव्हा मला पाच तास लागायचे, म्हणजे उरले २६५ भागिले पाच. तासाला त्रेपन्न रुपये. दोनदा केला हिशोब, तेवढेच आले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कंदील करता येणं वेगळं आणि विकता येणं वेगळं, आणि दुसरं मला कोणी शिकवलेलंच नाहीये.

मी डोंबिवलीची, अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२३ च्या दिवाळीत घरच्यासाठी एक कंदील केला होता, अण्णांकडून शिकून. अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते लालबागला चाळीत राहायचे आणि गिरणीत होते, १९८२ चा संप झाला आणि त्यानंतर घर चालवायला त्यांनी जी शंभर कामं केली त्यातलं एक हे, दसरा झाला की चाळीच्या गॅलरीत बसून कंदील बांधायचे आणि विकायचे. घरात हे सगळ्यांना माहिती होतं पण कोणी कधी त्यांना करून दाखवा म्हटलं नव्हतं. मी म्हटलं तर ते आधी नकोच म्हणाले, हात थरथरतात म्हणाले, आणि मग सुरी हातात घेतली आणि कामटी, म्हणजे बांबूची पातळ काडी, अशी सोलली की मी बघतच राहिले. तो कंदील स्टेटसला टाकला तर नऊ जणांनी विचारलं विकतेस का. तेव्हा वेळ नव्हता. पण ते डोक्यात राहिलं आणि २०२४ ला ठरवलं की यंदा चाळीस करायचे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, आपला जुना पारंपरिक कंदील दिसतो अवघड पण त्याचा सांगाडा फार हुशारीचा आहे. सारख्या मापाच्या चोवीस कामट्या घ्यायच्या. चार-चार बांधून सहा चौकोन करायचे. मग चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला बांधत जायचं, चार चौकोन उभे गोल फिरवून आणि एक वर एक खाली. बारा सांधे होतात, आणि बारावा सांधा आवळला की जे इतका वेळ लुळं पडत होतं ते एकदम ताठ उभं राहतं. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, ते आपण केलेले नसतात, ते मिळतात. मला अजूनही दर वेळी त्या क्षणाला आनंद होतो, अडतिसाव्या कंदिलालाही झाला. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा म्हणजे गरम हवा निघून जाते, बाकी चार चौकोन एका रंगाचे आणि त्रिकोण दुसऱ्या रंगाचे. मग कोपऱ्यांना कागदाच्या करंज्या, खाली कागदाच्या झिरमिळ्या.

आठ इंची कामटी घेतली तर कंदील टोकापासून टोकापर्यंत सोळा इंच भरतो. हे सोळा इंच लक्षात ठेवा, पुढे त्याचाच त्रास आहे.

कामट्या मी कल्याणहून एका बुरूडकाकांकडून आणल्या. पहिल्या वेळी नुसतं "कंदिलाला कामट्या" सांगून आले आणि त्यांनी जाड दिल्या, गाठ बसेना. दुसऱ्या वेळी अण्णांनी केलेली एक कामटी नमुना म्हणून नेली, काकांनी ती वाकवून बघितली, "ही कोणी केली?" विचारलं आणि पुढचा लॉट बरोबर तसाच दिला. बांबूची कूस बोटात गेली की दोन दिवस ठणकतं, गणपतीनंतर माझी सगळी बोटं तशीच होती, कॉलेजला सबमिशनला ब्रश धरताना दुखायचं. पतंगी कागद मुंबईहून, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून. खळ घरीच, मैद्याची. अण्णा त्यात चिमूटभर मोरचूद घालायला लावतात म्हणजे कीड लागत नाही आणि झुरळं कागद खात नाहीत, पण मोरचूद विषारी असतं, त्यामुळे त्याचं भांडं वेगळं, ते स्वयंपाकघरात परत जात नाही. आईने त्या पातेल्यावर लाल रंगाने फुली मारून ठेवलीय.

पितृपक्षात माझं काम सगळ्यात जोरात झालं कारण त्या पंधरा दिवसांत कोणी खरेदी करत नाही, विचारायलाही येत नाही, नुसतं बांधत बसायचं. नवरात्र लागेपर्यंत बावीस सांगाडे झाले होते आणि आमच्या दोन खोल्यांत ठेवायला जागा संपली. सोळा इंचाचा कंदील एकात एक बसत नाही, एकावर एक ठेवला तर खालच्याचा कागद फाटतो. शेवटी दादाने हॉलमधे भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन दोऱ्या ताणल्या आणि सगळे छताला टांगले, आणि मग पंखा लावता येईना कारण वाऱ्याने एकमेकांवर आपटायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन आठवडे आमच्याकडे हॉलमधला पंखा बंद होता. बाबा कामावरून येऊन बनियनवर गॅलरीत बसायचे, एक शब्द बोलले नाहीत. हे मी हिशोबात कुठे धरू मला अजून कळलेलं नाही.

आता किमतीचं. त्रेपन्न रुपयांच्या रात्रीनंतर मी ठरवलं की साडेपाचशे लावायचे. हात बसल्यामुळे तोपर्यंत मला एका कंदिलाला साडेतीन तास लागत होते. अण्णांना हे अजिबात पटलं नाही, "एवढ्याला कोण घेईल गं, मी आठ रुपयाला विकलेत." मी म्हटलं अण्णा तेव्हा आठ रुपयात काय काय यायचं ते सांगा, तर त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मग स्वतःच गप्प बसले. तरी पटलं नाहीच.

खरी अडचण अण्णा नव्हते, माझं तोंड होतं. कोणी विचारलं केवढ्याला की मी "साडेपाचशे" म्हणायच्या आधी "अं... हाताने केलंय ना पूर्ण, वेळ लागतो खूप, तसे... साडेपाचशे, पण तुम्हाला कमी करून देईन" असं सगळं एका दमात म्हणायचे. समोरच्याने काही म्हणायच्या आधीच मी कमी केलेले असायचे. आई स्वयंपाक करता करता हे फोनवर ऐकायची. एक दिवस म्हणाली, "तुला बोलवत नाही तर लिहून टांग." मग कार्डशीटचे छोटे तुकडे कापले, एका बाजूला "बांबू, पतंगी कागद, हाताने बांधलेला" आणि दुसऱ्या बाजूला ५५०, आणि दोऱ्याने प्रत्येकाला बांधले. इतका फरक पडला की काय सांगू. लोक चिठ्ठी उलटून बघतात, घ्यायचं तर घेतात, नाही तर सोडून देतात, आणि मला मधे बोलावं लागत नाही. ओळखीत पुढचे नऊ साडेपाचशेनेच गेले, एकानेही कमी कर म्हटलं नाही.

दसऱ्याच्या आधी एकदा माहीमच्या कंदील गल्लीत जाऊन आले, विकत घ्यायला नाही, बघायला. तिथे एक गोष्ट शिकले ती म्हणजे भर दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात, सगळे कंदील पेटलेले असतात. न पेटवलेला कंदील हा नुसता कागद असतो. त्यात दिवा गेला की पिवळा आणि गुलाबी एकमेकांत मिसळून जो रंग येतो, तो विकला जातो.

आणि हे शिकूनही प्रदर्शनात नेमकी तिथेच अडकले. दसऱ्यानंतरच्या शनिवार-रविवारी एका हॉलमधे दिवाळी प्रदर्शन होतं. अर्धं टेबल, दोन दिवसांचे १,८०० रुपये, आधी भरायचे. मी फोनवर दोनदा विचारलं होतं की प्लग पॉइंट मिळेल ना, हो हो सगळ्यांना आहे म्हणाले. सकाळी आठला दादा आणि मी बारा कंदील रिक्षात मांडीवर घेऊन पोचलो तर माझं टेबल आत नाही, पॅसेजमधे, एका बाजूला जिना आणि दुसऱ्या बाजूला वड्यांची कढई. प्लग नाही. ज्यांनी पैसे घेतले होते ते म्हणाले आता ऐनवेळी काही होणार नाही, तुमचं नाव उशिरा आलं. माझं नाव उशिरा आलं नव्हतं, पावतीवर तारीख होती, मी दाखवली, त्यांनी बघितली आणि पुढच्या स्टॉलवर गेले. रडू आलं होतं, खरं सांगते. एकवीस वर्षांची झाले तरी तिथे कोणाशी भांडायचं कसं ते येत नव्हतं.

पहिल्या दिवशी दोन गेले फक्त. दिवसभर लोक येऊन म्हणायचे, "आम्ही लहानपणी घरी करायचो हे!" खूप प्रेमाने म्हणायचे, हात लावून बघायचे, मुलांना दाखवायचे, आणि पुढे जायचे. एका बाईंनी चारही बाजूंनी फोटो काढले, आतून सुद्धा, आणि म्हणाल्या आमच्या वॉचमनला दाखवते तो करून देईल. कोणी म्हणालं बाहेर दीडशेला मिळतो, आणि मिळतो हे खरंच आहे, प्लॅस्टिकचा, पावसात भिजला तरी काही होत नाही त्याला. शिवाय तेलाचा वास कागदाला बसायला लागला म्हणून मी दर तासाला कंदील कढईपासून लांबच्या टोकाला सरकवत होते.

त्या रात्री घरी मी म्हटलं उद्या जात नाही. दादा काही बोलला नाही, उठला आणि कुठूनतरी वीस मीटरचं एक्स्टेन्शन घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला एक काकू पणत्या विकत होत्या, त्यांना विचारलं, त्यांच्या प्लगमधून वायर काढली, पॅसेजच्या कडेने चिकटपट्टी लावत आणली आणि सहा कंदिलांत एलईडी बल्ब सोडले. पॅसेज अंधारा होता ना, तेच कामाला आलं. आत हॉलमधे ट्यूबलाइटच्या उजेडात कोणाचंच काही उठून दिसत नव्हतं, आणि इथे जिन्यातून वर येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा माझे कंदील दिसायचे.

आणखी एक झालं, ते ठरवून नाही. रिकामं बसवत नव्हतं म्हणून मी पिशवीतल्या कामट्या काढून तिथेच चौकोन बांधायला लागले. एक मुलगा, असेल चौथी-पाचवीतला, येऊन उभा राहिला आणि हलेचना. मी त्याला एक गाठ मारायला दिली. मग दुसरी. सगळे सहा चौकोन झाले आणि शेवटचा सांधा त्याने आवळला तेव्हा तो सांगाडा ताठ झाला आणि तो इतक्या जोरात ओरडला की वडेवाले दादा पण बघायला आले. त्याच्या बाबांनी विचारलं हा असाच विकणार का, कागद न लावता, कार्यानुभवाला हवाय आणि आम्ही घरी कागद लावू. मी क्षणभर विचार करून १८० म्हटलं. पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, न अडखळता. त्यांनी लगेच स्कॅन केलं. आणि मग ते बघून पुढचे दोघं, आणि मग मी मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिलं, "नुसता सांगाडा, कागद तुम्ही लावा, १८०". संध्याकाळपर्यंत तेरा सांगाडे गेले, शेवटचे चार तर ऑर्डर घेऊन दुसऱ्या दिवशी घरी पोचवले. सांगाड्याला सामान पस्तीस रुपयांचं आणि तास एकच. हे मला आधी सुचलंच नव्हतं की लोक जे म्हणत होते ना, आम्ही लहानपणी घरी करायचो, ते कौतुक नव्हतं नुसतं, त्यांना ते परत करायचं होतं. त्या दिवशी तयार कंदीलही सात गेले.

दुकानाचा अनुभव मात्र वाईट. मुंबईतल्या एका गिफ्टच्या दुकानाने दहा मागितले होते, मला ४०० देणार, विकले गेले तर पैसे नाही तर माल परत, असं. तेव्हा दुकानात आपलं काम लागणार याचाच इतका आनंद होता की मी काही लिहूनही घेतलं नाही. आईच्या जुन्या साडीत पाच-पाच बांधून दोन खेपा केल्या, दुपारच्या स्लो लोकलने, लेडीज डब्यात. तिथे बायकांनी इतकी जागा करून दिली, एकीने स्वतःची पिशवी मांडीवर घेतली आणि गाठोडं सीटवर ठेवायला लावलं, आणि मग साहजिकच कोपरा उघडून बघितला. दोघींनी नंबर घेतला, दोघी डोंबिवलीच्याच निघाल्या, आणि दोघींनी रविवारी येऊन एकेक नेला. त्या दुकानाने दिवाळीनंतर चार परत केले, त्यातले दोन फाटलेले, आणि सहाचे पैसे मिळायला संक्रांत उजाडली. कंदील ही दिवाळी संपली की कोणी न घेणारी वस्तू आहे, पुढच्या वर्षीपर्यंत पतंगी कागदाचा रंग उडतो, त्यामुळे माल परत घेणं म्हणजे तोटा सगळा माझाच. नवीन कोणी करत असाल तर निम्मे पैसे आधी घ्या आणि फाटलेला माल परत घेणार नाही हे कागदावर लिहून त्यांची सही घ्या. मागायला लाज वाटते, मलाही वाटली होती.

परतीच्या पावसाने एक खाल्ला. संध्याकाळी गॅलरीत वाळायला ठेवला होता, पाच मिनिटांची सर आली, लाल कागदाचा रंग सुटून पिवळ्यावर उतरला. अण्णांनी कागद सोलून काढला, सांगाडा पुसून ठेवला आणि म्हणाले, "सांगाडा आहे ना."

सगळा हिशोब लिहिते कारण मी शोधत होते तेव्हा मला कोणी खरे आकडे सांगितले नव्हते, सगळे "चांगला रिस्पॉन्स मिळाला" एवढंच सांगतात. अडतीस कंदील केले (चाळीस झालेच नाहीत). ओळखीत चौदा, त्यातले पाच ३५० ने. प्रदर्शनात नऊ, ट्रेनमधल्या दोन, दुकानाचे सहा. सांगाडे तेरा. एकूण आले १७,४९०. सामान, स्टॉल, रिक्षा, लोकल, बल्ब, चिकटपट्टी सगळं धरून गेले ६,७९०. हातात उरले १०,७००. तास मी साधारण १६६ धरलेत, प्रदर्शनाचे दोन दिवस धरून, म्हणजे तासाला पासष्टच्याही किंचित आतच. त्रेपन्नवरून पासष्ट. दुकानाचं जमलं असतं आणि पहिले पाच स्वस्तात दिले नसते तर जास्त दिसलं असतं. अण्णांना मी त्यातले दोन हजार द्यायला गेले तर घेईनात, मग आईने त्यांच्या पासबुकात ठेवून दिले पाकीट, ते अजून तिथेच आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही मैत्रिणी फडके रोडला गेलो होतो, डोंबिवलीची सगळी तरुण पोरं त्या सकाळी तिथेच असतात, नवे कपडे, फोटो, गर्दी. येताना मी मुद्दाम आतल्या गल्लीने आले कारण तिथे एका बिल्डिंगला तिसऱ्या मजल्यावर माझा एक कंदील होता, हिरवा आणि केशरी. दिसला. अजून पूर्ण उजाडलं नव्हतं आणि तो पेटलेला होता, आणि मी खाली उभी राहून बघत होते तर लक्षात आलं की डावीकडची एक करंजी सुटून लोंबतेय, तिथे खळ नीट बसली नव्हती. मैत्रिणी म्हणाल्या कोणाला कळतंय एवढ्या वरचं. पण मला दिसत होतं ना.

घरी जाऊन अंघोळ-फराळ झाल्यावर तो कंदील घेतलेल्या काकूंना फोन केला, म्हटलं काकू पाच मिनिटं येऊ का, एक करंजी सुटलीय. त्या म्हणाल्या अगं आम्हाला दिसलीही नव्हती, पण ये, चकल्या केल्यात. लाल फुलीच्या पातेल्यातून वाटीभर खळ घेतली, डब्यातून एक करंजी घेतली, आणि त्यांच्या गॅलरीत स्टुलावर चढले. काकूंनी स्टूल धरलं होतं. जुनी करंजी काढली, त्याखालचा कागद अंगठ्याने साफ केला, नवीन चिकटवली आणि खळ धरेपर्यंत तशीच दाबून उभी राहिले.